रिकाम्या पाकिटाची साक्ष

मराठ्यांच्या इतिहासाचीं जुनीं पत्रें ज्यांनीं हाताळलीं आहेत त्यांस एक अडचण चांगली परिचयाची आहे. पत्राच्या शेवटीं चंद्र असतो, क्वचित् तिथि व महिना असतो. पण साल बहुधा नसतें. लिहिणाराला तें घालण्याची गरजच वाटत नसे. पत्र आठपंधरा दिवसांत पोंचावयाचें, वाचून दप्तरांत पडावयाचें. तें कोणत्या सालचें हें वाचणाराला ठाऊक असे. ठाऊक नव्हतें तें दीडशें-दोनशें वर्षांनीं रुमाल सोडून बसणाराला. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई या मंडळींच्या आयुष्याचा केवढा भाग नुसतीं सालें ठरविण्यांत गेला असेल! एका पत्राचें साल चुकलें कीं स्वारी बारा महिने पुढें सरते, मेलेला सरदार पुन्हा घोड्यावर बसतो, आणि मग त्या चुकीला धरून दुसऱ्या दहा पत्रांचीं सालें बसविलीं जातात.

प्रस्तुत लेखाचा विषय असाच एक तारखेचा वाद आहे. मात्र तो पेशवे दप्तरांतला नसून सेलूच्या आमच्या घरांतल्या एका पत्र्याच्या पेटींतला आहे. आणि पत्राचा नसून, पत्र नाहींसें झालेल्या पाकिटाचा आहे. मी इतिहासाचा अध्यापक नाहीं. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत माझीं वर्षें गेलीं. तेव्हां या प्रांतांत माझें पाऊल कोठें चुकलें असेल तर तज्ज्ञांनीं सांभाळून घ्यावें.

माझ्या आजोबांच्या थोरल्या बंधूंस घरांत मोठे आजोबा म्हणत. ते नागपुरास मॅट्रिक होऊन १९२६ च्या सुमारास कलकत्त्यास गेले आणि एका मालवाहू जहाजावर कारकून झाले. वर्धा जिल्ह्यांतला माणूस समुद्रावर जावा ही गोष्ट आजहि जराशी विचित्र वाटते. कोंकणांतल्या माणसाला बोट म्हणजे उंबरठ्यापलीकडची वस्तु. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचें, आणि पावसाळ्यांत काय तें बोर नदीचें. पण पोटामागें माणूस कोठेंहि जातो. कलकत्त्याहून त्या काळीं तागाचीं पोतीं ऑस्ट्रेलियास जात. बंगालच्या पोत्यांवांचून तिकडचा गहूं हलत नसे. उलट तिकडून हिंदुस्थानांतल्या फौजेसाठीं घोडे येत. न्यू साउथ वेल्सच्या नांवावरून त्यांस 'वेलर' म्हणत. या येरझाऱ्यांत मोठे आजोबा ज्या बंदराला लागत तेथून मोठ्या आजींस पत्र टाकीत. त्यांतलीं बावीस पाकिटें पेटींत निघालीं.

पाकिटें राहिलीं आणि पत्रें गेलीं, याचें कारण सांगितलें पाहिजे. मोठ्या आजी पत्रांची चळत उशाशीं ठेवीत. १९८४ च्या हिवाळ्यांत त्या वारल्या तेव्हां ती चळत त्यांच्याबरोबर चितेवर गेली. तसें करा म्हणून त्यांनींच सांगून ठेविलें होतें. पाकिटें रिकामीं, म्हणून त्यांच्याविषयीं कोणीं कांहीं बोललें नाहीं. मी तेव्हां शाळेंत होतों. परदेशी तिकीट कापून द्या म्हणून आम्हीं पोरांनीं आजींच्या किती विनवण्या केल्या असतील! त्यांनीं एकहि कापूं दिलें नाहीं. आम्हांस तो कंजूषपणा वाटे. पुढें कळलें, कीं पाण्यांत भिजवून सोडविलेलें तिकीट संग्राहकाच्या वहींत शोभतें, पण साक्ष देतें तें अखंड पाकीट. तिकीट, शिक्का, पत्ता, पाठीवरचा पोंचल्याचा शिक्का, मध्यें कोणीं उघडलें असेल तर त्याची पट्टी, हीं सारीं एकमेकांस धरून असतात. त्यांतलें एक काढून घेतलें कीं बाकीचीं मुकीं होतात.

टपालाचा शिक्का ही वस्तु मूळची इतिहासकारासाठीं निर्माण झालेली नाहीं. १६६१ मध्यें इंग्लंडच्या टपालाचा मक्ता हेन्री बिशप याजकडे होता. पत्रें उशिरा पोंचतात ही ओरड तेव्हांहि होतीच. पत्र कचेरींत कोणत्या दिवशीं आलें तें त्यावर उठविलें तर हरकाऱ्याला तें दाबून ठेवतां येणार नाहीं, या हिशेबानें त्यानें एक लहानसें वर्तुळ करविलें. एका अर्धांत महिन्याचीं दोन अक्षरें, दुसऱ्यांत तारीख. साल नाहींच! लंडनचा बिशप आणि आमचा पेशवाईतला कारकून या बाबतींत एकाच शाळेचे. महिना दोन अक्षरांत आटोपण्याची ही चाल पुढें पावणेतीनशें वर्षें कोठें कोठें टिकून राहिली, आणि तिनें आमच्या घरांत काय गोंधळ केला तें पुढें येईलच.

तिकिटें आल्यावर शिक्क्याला दुसरें काम मिळालें. हिंदुस्थानांत १ ऑक्टोबर १८५४ पासून अर्ध्या आण्याचें तिकीट लावून, अंतर न मोजतां, हलकें पत्र कोठेंहि जाऊं लागलें. (नागपूरचें राज्य खालसा झालें तें याच सालीं, आमच्या मुलखाला कंपनीचा अंमल आणि अर्ध्या आण्याचें तिकीट बरोबरच भेटलें म्हणावयाचें.) तिकीट पुन्हा वापरतां येऊं नये म्हणून तें काळें करणें हें तें दुसरें काम. हीं दोन कामें एकमेकांचीं वैरी आहेत. तिकीट मारणारा जितक्या जोरानें हाणील तितकी तारीख फिसकटते.

आमच्या पेटींतल्या बावीसांपैकीं नऊ पाकिटांवर साल धड वाचतां येत नाहीं. पण शिक्का बोलत नसेल तेथें तिकीट बोलतें. ऑस्ट्रेलियांत पूर्वीं सहा वसाहतींचीं सहा टपालखातीं होतीं. १ मार्च १९०१ रोजीं तीं एक झालीं, आणि साऱ्या देशाचें पहिलें एक तिकीट, नकाशांत उभा असलेला कांगारू, १९१३ च्या जानेवारींत निघालें. त्यानंतर दर किती वेळां बदलला याची टांचणें ज्याच्याजवळ आहेत त्याला अर्धी जंत्री मिळाली असें समजावें. साध्या पत्राला १९२३ च्या ऑक्टोबरपासून दीड पेनी पडे. ४ ऑगस्ट १९३० पासून दोन पेन्या झाल्या. आणि हिंदुस्थान साम्राज्यांतच असल्यामुळें इकडील पत्रासहि तोच दर लागे. तेव्हां ज्या तीन पाकिटांवर दीड पेनीचें एकच तिकीट आहे तीं ऑगस्ट १९३० च्या आधींचीं, हें शिक्का न वाचतांहि सांगतां येतें. एका पाकिटावर सिडनीच्या पुलाचें चित्र आहे. पूल १९ मार्च १९३२ रोजीं खुला झाला व तिकीट त्याआधीं पांच दिवस विक्रीला आलें. म्हणजे त्याहून जुनें तें पाकीट असूंच शकत नाहीं. एकावर पांच पेन्यांचीं तिकिटें आहेत. तें १९३८ च्या ऑगस्टांत सुरू झालेल्या साम्राज्य-विमानटपालाचें. त्या वेळीं पाण्यावर उतरणारीं विमानें सिडनीहून निघून कलकत्त्यास हुगळींत उतरत. मोठ्या आजोबांनीं एवढा खर्च एकदांच केला. बाकी सारीं बोटीनें.

पत्त्यांची कथा निराळीच आहे. 'सेलू, जिल्हा वर्धा, मध्यप्रांत' असें स्वच्छ इंग्रजींत लिहिलेलें असूनहि एक पाकीट परभणी जिल्ह्यांतल्या, म्हणजे तेव्हांच्या निजामी मुलखांतल्या, सेलूस जाऊन आलें आहे. पाठीवर दोन्ही सेलूंचे शिक्के शेजारींशेजारीं बसले आहेत, दोन व्याह्यांसारखे. आमच्या जिल्ह्याला हें नवें नव्हे. महात्माजी १९३६ सालीं वर्ध्याजवळच्या सेगांवीं राहावयास आले, तेव्हां त्यांचीं पत्रें बुलढाणा जिल्ह्यांतल्या, गजाननमहाराजांच्या शेगांवीं जाऊं लागलीं. अखेर १९४० मध्यें गांवाचें नांवच बदलून सेवाग्राम केलें गेलें. जगांतल्या एवढ्या मोठ्या माणसाची पत्रें जेथें भलत्या गांवीं जात, तेथें एका जहाजावरच्या कारकुनाची काय कथा! सांगावयाचा मुद्दा इतकाच, कीं गांवाच्या नांवाचीं चार अक्षरें जुळलीं म्हणजे गांव सांपडलें असें होत नाहीं.

आतां शेवटच्या पाकिटाकडे वळतों. हें बाविसावें. याच्यानंतर मोठ्या आजोबांचें पत्र आलें नाहीं, ते आले नाहींत, आणि त्यांचें काय झालें तें कळलें नाहीं. १९४१ मध्यें त्यांनीं जहाज बदललें होतें; नव्या जहाजाचें नांव घरीं कोणास ठाऊक नव्हतें. या शेवटच्या पत्रांत तें असावें. पण आजी सांगत, कीं जहाजाचें व बंदराचें नांव जेथें असावयाचें तेथें कागदाला खिडक्या होत्या. सेन्सॉरची कात्री तेथून गेलेली. 'मी सुखरूप आहें' एवढें शाबूत होतें.

सात वर्षें ज्याची खबर नाहीं तो मेला असें धरावें, ही १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची रीत होती. आमचे शास्त्री बारा वर्षें थांबावयास सांगतात. मोठ्या आजी दोघांचेंहि ऐकत नव्हत्या. त्यांनीं कुंकू पुसलें नाहीं, आणि त्या असेतोंवर मोठ्या आजोबांच्या श्राद्धाचा विषय काढण्याची घरांत कोणाची छाती नव्हती. त्या गेल्यावर मात्र माझ्या वडिलांना वाटलें, कीं आतां हें कर्तव्य टाळतां येत नाहीं. तिथि ठाऊक नसून महिना ठाऊक असेल तर त्या महिन्याची अमावास्या धरावी, असा प्रघात आहे. महिना कोणता? तो एकच वस्तु सांगूं शकत होती. शेवटचें पत्र कधीं टाकलें, म्हणजे ते जिवंत असल्याची शेवटची खूण कोणत्या महिन्यांतली, हें पाकिटावरून काढावयाचें.

वडील शाळेंत शिक्षक होते. काम नेटकें करण्याची त्यांची ख्याति होती. त्यांनीं भिंग आणलें, आणि जें वाचलें तें एका चिठ्ठीवर सुरेख अक्षरांत लिहून पाकिटाला टांचून ठेविलें: 'न्यूकॅसल, ७ मे १९४२.' त्यानंतर त्यांनीं युद्धाच्या इतिहासाचीं पुस्तकें काढलीं, आणि सारें कसें जुळून आलें! न्यूकॅसल हें ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचें बंदर. ३१ मे १९४२ च्या रात्रीं जपानी पाणबुड्या सिडनीच्या बंदरांत शिरल्या. ८ जूनला पहांटे सिडनी व न्यूकॅसल या दोन्ही शहरांवर समुद्रांतून तोफा डागल्या गेल्या. म्हणजे मोठे आजोबा मे महिन्यांत न्यूकॅसलला होते आणि तेथून निघतांच त्या पाणबुड्यांच्या तोंडीं सांपडले. वडिलांनीं वैशाख अमावास्या ठरविली, आणि पुढें स्वतः जाईपर्यंत ती एकदांहि चुकविली नाहीं. न्यूकॅसलची हकीकत आम्हीं भावंडांनीं इतक्यांदा ऐकली होती, कीं तो तोफांचा आवाज आमच्या सेलूच्या ओसरीवर ऐकूं यावा.

चार वर्षांपूर्वीं वडील वारले. घराबरोबर पेटी मजकडे आली, आणि पेटीबरोबर श्राद्धहि आलें.

पाकिटाचें वर्णन असें. पुढच्या बाजूला राजाचें लाल दोन पेनीचें तिकीट असून त्यावर अडीच पेनी अशी काळ्या शाईंत वाढीव किंमत छापलेली आहे. शिक्क्याच्या वर्तुळांत गांवाच्या नांवाचीं शेवटचीं तीन अक्षरें, टी, एल, ई, हीं स्पष्ट. त्यांच्या दोन घरें अलीकडे एक ए. बाकी शाईचा चिखल. राज्याचीं आद्याक्षरें जेथें असावयाचीं तो भाग पाकिटाच्या कडेवर गेला आहे. मध्यें सातचा आंकडा चांगला उठला आहे. महिन्याचें पहिलें अक्षर एम. दुसऱ्याच्या जागीं गोळा. साल तर नाहींच. डाव्या कडेला सेन्सॉरनें उघडल्याची छापील पट्टी. पाठीवर सेलूचा शिक्का: १४ मे, आणि सालांतला चार. त्यापुढचा आंकडा पट्टीवर उठला होता. पट्टीचा डिंक वाळून तो कोपरा गळून गेल्यामुळें एक कीं दोन तें कळत नाहीं.

आतां गंमत पाहा. न्यूकॅसल व फ्रीमँटल हीं दोन्ही नांवें इंग्रजींत नऊ नऊ अक्षरांचीं आहेत. दोहोंचीं शेवटचीं तीन अक्षरें तींच. दोहोंचें पांचवें अक्षर ए. शिक्क्यांत उरलें होतें तें नेमकें एवढेंच! आणि दोन्ही बंदरें; एक खंडाच्या पूर्वेला, दुसरें पश्चिमेला, मध्यें सबंध ऑस्ट्रेलिया. वडिलांनीं पहिलें नांव घेतलें, कारण तें त्यांस माहीत होतें. आपण सारेच असें वाचतों.

माझा संशय प्रथम जागा झाला तो पट्टीवरून. ऑस्ट्रेलियाच्या त्या वेळच्या सेन्सॉरपट्ट्यांवर लष्करी विभागाचा आंकडा छापलेला असे: क्वीन्सलँड एक, न्यू साउथ वेल्स दोन, व्हिक्टोरिया तीन, दक्षिण ऑस्ट्रेलिया चार, पश्चिम ऑस्ट्रेलिया पांच, टास्मानिया सहा. न्यूकॅसल न्यू साउथ वेल्समध्यें येतें. आमच्या पट्टीवर पांच आहे. वडिलांनींहि तो पांच पाहिला असणारच; पण तो तपासनीसाचा अनुक्रमांक असेल असें समजून सोडून दिला असावा. मग मीं पेटींतलें १९३७ चें एक पाकीट काढलें. त्यावर फ्रीमँटलचा शिक्का नाण्यासारखा स्वच्छ आहे. त्याची पातळ कागदावर नक्कल घेऊन ती शेवटच्या शिक्क्यावर ठेविली. ए आणि टी यांच्यामधल्या चिखलांत, तिरप्या उजेडांत पाहिलें तर, तळरेघेवर शाईचे दोन ठिपके दिसतात, एकमेकांपासून अंतरावर. एस या अक्षराला पाय नसतात. एनला दोन असतात, आणि ते त्या ठिपक्यांवर येऊन बसले. मीं भिंग खालीं ठेवलें आणि बराच वेळ तसाच बसून राहिलों. माझा आनंद आणि माझें वाईट वाटणें यांत तेव्हां पुढें कोण होतें तें सांगवत नाहीं.

गांव ठरलें. साल तिकिटानें ठरविलें. युद्धखर्चासाठीं ऑस्ट्रेलियांत १० डिसेंबर १९४१ पासून पत्राचा दर अर्ध्या पेनीनें वाढला. नवीं तिकिटें तयार नव्हतीं म्हणून दोन पेनीच्या तिकिटावरच अडीचचा छाप मारून तीं त्या दिवशीं विक्रीला आणलीं. अडीच पेनीचें स्वतंत्र तिकीट पुढच्या जानेवारींत आलें. तेव्हां हें पाकीट १९४१ च्या मेमध्यें सेलूस पोंचणें शक्य नाहीं. पाठीवरचा तुटलेला आंकडा दोनच. यांत मला एका गोष्टीचें फार समाधान वाटलें. मोठ्या आजींना इंग्रजी सालें सांगतां येत नसत. पत्र कधीं आलें म्हणून विचारलें, कीं त्या म्हणत, 'आष्टीच्या आधींच्या उन्हाळ्यांत.' आष्टीचा उठाव १६ ऑगस्ट १९४२ चा. ज्या गोष्टीसाठीं मला दोन भिंगें व चार पुस्तकें लागलीं ती त्या माजघरांत बसून बरोबर सांगत होत्या. फक्त त्या पत्र आल्याचें सांगत होत्या. पत्र निघाल्याचें त्यांना कोणीं विचारलें नव्हतें.

राहिला महिना. दोन अक्षरांच्या पद्धतींत एमनें सुरू होणारे महिने दोन: मार्चला एम आणि आर, मेला एम आणि वाय. वडिलांनीं पाठीवरचा मे पाहिला आणि पुढचाहि मे मानला. म्हणजे सात तारखेला टाकलेलें पत्र चौदा तारखेला सेलूस! मला आठवतें, त्यांनीं यावर 'विमानानें आलें असेल' असें म्हटलें होतें. पण अडीच पेन्यांत पत्र विमानांत बसत नाहीं. शिवाय विमान होतें कोठें? १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें तेव्हां ऑस्ट्रेलिया-हिंदुस्थान हवाई रस्ता मोडला. पर्थहून सिलोनला न थांबतां जाणारीं विमानें सुरू झालीं तीं १९४३ सालीं. शांततेच्या काळांतलीं आमचीं फ्रीमँटलचीं पाकिटें पाहिलीं तर बोटीनें कोलंबो आणि तेथून आगगाडीनें मद्रास, नागपूर, सेलू असा प्रवास तीन आठवड्यांत होई. युद्धांत, दोन देशांच्या सेन्सॉरांच्या हातांखालून, बंदरांत ताफ्याची वाट पाहत पडलेल्या टपालाला सात दिवस? ७ मार्च ते १४ मे हे अडुसष्ट दिवस होतात. ते त्या वर्षाला शोभतात.

तेव्हां फ्रीमँटल, ७ मार्च १९४२. त्या आठवड्यांत फ्रीमँटलला काय चाललें होतें तें इतिहासांत नमूद आहे. ३ मार्चला ब्रूमवर जपानी विमानें आलीं. जावा ८-९ मार्चच्या सुमारास शरण गेलें. सिंगापूर, बटाव्हिया, चिलाचाप येथून निसटलेलीं जहाजें एकामागून एक फ्रीमँटलला लागत होतीं. त्यांच्यांत कोठें तरी एक कारकून सेलूच्या पत्त्यावर दोन ओळी लिहीत बसला होता.

न्यूकॅसलच्या तोफा अशा तऱ्हेनें आमच्या ओसरीवरून गेल्या. त्यांची जागा घेण्यास दुसरी कथा लगेच पुढें आली, हेंहि कबूल करतों. एप्रिल १९४२ च्या पहिल्या आठवड्यांत जपानी आरमार हिंदी महासागरांत शिरलें. ५ तारखेला कोलंबो, ६ ला विझगापट्टम व कोकोनाडा, ९ ला त्रिंकोमाली, आणि या अवधींत बंगालच्या उपसागरांत वीसांहून अधिक व्यापारी जहाजें बुडालीं. मार्चमध्यें फ्रीमँटलहून कलकत्त्याकडे निघालेलें जहाज नेमकें तेव्हां त्या पाण्यांत असावयाचें. किती छान जुळतें! माझ्या टिपणवहींत तें वाक्य मीं लिहिलेंहि होतें. मग वडिलांची चिठ्ठी आठवली आणि तें खोडलें. शिक्का फ्रीमँटलपाशीं संपतो; पुढचें पाणी कोरें आहे.

शके १८६३ चा फाल्गुन वद्य पक्ष, असें ७ मार्चचें पंचांग निघतें. मी वर्ध्याला आत्याकडे गेलों आणि तिला सगळें समजावून सांगितलें. पाकीट दाखविलें, नक्कल दाखविली. वडिलांच्या पाठची ती एकच बहीण उरली आहे. तिनें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाली, 'मग दादानें इतकीं वर्षें घातलें तें कोणाला पोंचलें रे?' मला उत्तर सुचलें नाहीं. मींच गप्प बसलेला पाहून तिनें भिंतीवरचें कालनिर्णय उतरविलें, फाल्गुनाचें पान काढलें आणि म्हणाली, 'अमावास्या म्हणजे दुसऱ्या दिवशीं पाडवा. दोन दिवस लागोपाठ स्वयंपाक. सुनेला आधीं सांगून ठेव.'

यंदा सेलूच्या घरीं श्राद्ध फाल्गुनांत झालें. गुरुजींनीं महिना विचारला तो मीं सांगितला. वैशाख कां नाहीं हें त्यांनीं विचारलें नाहीं. संध्याकाळीं पेटी उघडून बाविसावें पाकीट काढलें. वडिलांची चिठ्ठी तशीच ठेविली. तिच्याखालीं माझी टांचली, पेन्सिलीनें लिहिलेली.